वाकड्या गोलाचा कंदील

कामाचे अनुभव लिहायला सांगतात ते निवृत्त माणसांना. मला निवृत्त व्हायला अजून बराच अवकाश आहे. शिवाय बालवाडीच्या बाईला निवृत्ती अशी नसतेच. गुडघे जमिनीवर बसू देईनासे झाले की ती थांबते. माझे गुडघे अजून ऐकतात. तरी संपादकांनी विचारलं, "तुमच्याकडे मुलं नेमकं काय करतात?" मी म्हटलं, "कापतात आणि चिकटवतात." ते हसले. त्या हसण्याचा मला राग आला, म्हणून हा लेख.

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत आमची बालवाडी भरते. मुलं अडीच ते चार वर्षांची. मी आणि मुर्ध्याहून येणाऱ्या हिरामावशी, अशा दोघी त्यांना सांभाळतो. बाहेर दोन पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांना या लेखात काम आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

या वयाच्या मुलाला आकार शिकवायचा म्हणजे काय? पुष्कळांना वाटतं, भिंतीवर तक्ता लावायचा, त्यावर पट्टी ठेवायची आणि मुलांनी ओरडायचं, "सर्कल! ट्रँगल!" हे शिकणं नव्हे, ही पोपटपंची आहे. आणि तिचे पैसे घेतले जातात, ही तर उघड लूट आहे. आकार डोळ्यांना नंतर कळतो, आधी हाताला कळतो. आमच्याकडे एक कापडी पिशवी आहे. तिच्यात डब्याचं झाकण, काड्यापेटी, बांगडी, लाकडाचा तिकोनी ठोकळा. मुलाने आत हात घालायचा, बघायचं नाही, फक्त चाचपायचं. एक मुलगा त्रिकोणाला "तीनदा टोचणारा" म्हणायचा. मी त्याला दुरुस्त केलं नाही. याहून चांगली व्याख्या मला येत नव्हती.

मग हात रंगात जातात. बांगडी रंगात बुडवून उठवली की गोल. बटाटा कापून ठसा केला की चौकोन. भेंडी आडवी कापून ठसा केला की फूल उमटतं, त्याला काय म्हणायचं ते मुलं ठरवतात. शेवटी कात्री, बोथट टोकाची, आणि मैद्याची खळ. विकतचा गोंद मी वापरत नाही, कारण निम्मा पोटात जातो. खळही जाते, पण ती पचते.

आणि कागद. कागदाची आमच्याकडे चैन आहे, त्याचं श्रेय माझ्या बाबांना. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी चळवळीत. पाणी, भाडेवाढ, बुवाबाजी, फीवाढ, विषय कुठलाही असो, पत्रक निघायचं. पिवळी, गुलाबी, पोपटी पत्रकं, एका बाजूने छापलेली. अक्षरओळख मला त्यांच्यावरच झाली. "आई" लिहिण्याआधी मी "धिक्कार" वाचला. न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे परळहून आमच्याबरोबर भाईंदरला आले आणि पलंगाखाली गेले. बालवाडी सुरू केली तेव्हा मी भीत भीत विचारलं, "बाबा, कापू?"

"काप. क्रांती झाली नाही, निदान त्रिकोण तरी होऊ देत."

असं वळण असलेल्या मुलीने बालवाडी काढली तर ती पालकांसाठी पत्रक काढणारच. माझं पत्रक दरवर्षी प्रवेशाच्या दिवशी हातात पडतं. पहिली ओळ: हस्तकला मूल करील, पालक नव्हे. दुसरी: मुलाने केलेलं काम दुरुस्त करू नये. तिसरी: मुलाने केलेली वस्तू घरी आणल्यावर घराच्या दारात किंवा भिंतीवर लावलीच पाहिजे. "लावलीच पाहिजे" खाली रेघ.

आपल्याकडे शाळेची हस्तकला घरातली मोठी माणसं करतात, हे सांगायला नको. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात. एका वडिलांनी तीन वर्षांच्या मुलाच्या नावाने थर्माकोलची मेट्रो आणली होती, आत दिवे लागणारी. मी विचारलं, "याने यात काय केलं?" ते म्हणाले, "मॅडम, त्याने सेलोटेप धरली." अशांशी मी जोरात भांडायचे. पण गुरव आजोबांशी भांडताना मला नेहमी थोडं हसू यायचं.

गुरव आजोबा म्हणजे आमच्या ईश्वरीचे आजोबा. मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर त्यांचं आयुष्य गेलं. पत्र्यातून गोल तुकडा कापायचा, त्याला तिथे सर्कल म्हणतात, आणि ते सर्कल डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबलं की पातेलं होतं. ईश्वरीची आई मेडिकलच्या दुकानात, वडील कंपनीच्या गाडीवर, म्हणून नातीला आणणं-नेणं आजोबांकडे. आणून सोडायचे आणि परत जायचे नाहीत. पायरीवर बसून राहायचे. वर्ग सुटेपर्यंत.

ईश्वरी गोल कापायला लागली की तिचा गोल नारळासारखा व्हायचा, मग बटाट्यासारखा. तो ती मला दाखवायची नाही. उठायची, दारापर्यंत जायची आणि हात बाहेर काढायची. पायरीवर कच, कच, कच असा आवाज यायचा. परत येईपर्यंत तिच्या हातात असा गोल असायचा, की कंपासने काढावा.

"आजोबा, कात्री ठेवा खाली."

"ठेवतोय, ठेवतोय. जरासा काठ मारला फक्त."

"पत्रक वाचलंत ना माझं? काम दुरुस्त करायचं नाही."

"वाचलंय की. पण टीचर, वाकडं सर्कल डायमध्ये घातलं तर पातेलं फाटतं."

"तिला पातेलं नाही करायचं, आजोबा."

"आत्ता नाही," ते म्हणायचे. "पण हाताला वाईट सवय का लावायची?"

हिरामावशी आतून ओरडायच्या, "ओ आजोबा, तुमी पन या की आत! तुमचा पन नाव घालू हजेरीत!" मुलं हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कच, कच. मी एकदा त्यांची कात्री जप्तच केली. तर बाबा नखं कापायची कात्री घेऊन आले. म्हणजे आजोबा, मी चुकून बाबा लिहिलं. तसंच राहू दे.

गणपती जाऊन आठवडा झाला असेल. आजोबा सकाळी दूध आणायला उतरले आणि जिन्यातच बसले, ते उठले नाहीत.

ईश्वरी काही दिवसांनी परत आली. आई तिला वर्गात सोडून गेली. मुलं या वयात रडत नाहीत असं नाही, पण बरीच जणं शोधतात. ती पायरीकडे बघायची, परत यायची, खेळायची. ती विचारेल तेव्हा खरं सांगायचं, एवढं मी आणि तिच्या आईने ठरवलं होतं. आईने सांगितलंही होतं, की आजोबा मेले, ते आता येणार नाहीत. "मेले" हा शब्द मीच सुचवला होता. देवाघरी, ताऱ्यात वगैरे मला चालत नाही. मूल मग गच्चीत जाऊन वाट बघतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्याकडे कंदील होतो. तोवर हाताला जे कळलं ते सगळं त्यात येतं. जाड कागदाच्या पट्टीवर पतंगी कागदाचे चौकोन चिकटवायचे, पट्टीची नळी करायची, वरच्या काठाला त्रिकोणांची रांग, खाली बुडाला एक गोल, आणि त्या गोलाला झिरमिळ्या. त्रिकोण आमचे पत्रकांचे असतात. लक्ष देऊन पाहिलंत तर एखाद्या कंदिलावर "जाहीर निषेध" दिसेल.

मुलं आठवडाभर राबतात. मी रोज विचारते, "हा कंदील कुठे लागणार?" आणि मुलं छप्पर उडेल अशी ओरडतात, "आमच्या दारात!" याही वर्षी मी रोज विचारलं. ईश्वरीही रोज ओरडली.

शेवटचा गोल राहिला होता. तिने कापला. एका बाजूला पोट सुटलेला, दुसऱ्या बाजूला खोबण पडलेला. कापून झाल्यावर ती उठली, दारापर्यंत गेली आणि हात बाहेर काढला. पायरी रिकामी होती. ती बराच वेळ हात काढून उभी राहिली. मग परत येऊन माझ्यासमोर गोल धरला.

"टीचर, तू काठ मार."

माझ्याकडे कात्री होती. हातातच होती. पत्रकातल्या दुसऱ्या ओळीचं काय करायचं ते मला कळेना. हिरामावशी माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बसले आणि म्हटलं, "ईशू, मला आजोबांसारखा मारता येत नाही गं." हे तत्त्व नव्हतं, खरं होतं. तिने गोलाकडे पाहिलं, माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं, आणि खळ लावून तो तसाच वाकडा चिकटवून टाकला. नळीच्या तोंडाला तो पुरता बसला नाही. एका बाजूला फट राहिली. पण त्यानंतर तिने तो कंदील कुणाला धरू दिला नाही. डबा खातानाही मांडीवर.

सुट्टी लागायच्या दिवशी तिची आई न्यायला आली. मुलीच्या हातातला कंदील बघितला आणि पायरीवरच थांबली.

"ताई, आमच्याकडे यंदा नाही ना लावत."

ते ऐकेपर्यंत मला सुचलं नव्हतं. घरात माणूस गेलं, की त्या वर्षीची दिवाळी त्या घरात होत नाही. कंदील नाही, रांगोळी नाही, कढई चढत नाही. मलाही हे लहानपणापासून माहीत आहे. पण मी या चालीच्या विरोधातल्या घरात वाढले, म्हणून ती माझ्या डोक्यात नव्हतीच. आणि माझ्या सवयीप्रमाणे मी चुकल्याचं कळताच जोरात बोलायला लागले.

"तिला कसलं आलंय दुःखाचं वर्ष? ती साडेतीन वर्षांची आहे. तिने केलंय ते. आठवडाभर 'आमच्या दारात' म्हणतेय ती. आता तिला काय सांगणार तुम्ही?"

"तेच तर तुम्हाला विचारतेय, की काय सांगू?" तिची आई शांतपणे म्हणाली. "तुमच्या कागदावर लिहिलंय, लावलंच पाहिजे. त्या कागदाला काय माहीत आमच्या घरातून कोण गेलं ते. सासूबाई आहेत घरी. त्यांना मी कागद दाखवू?"

ईश्वरी दोघींच्या मध्ये उभी राहून कंदिलाच्या झिरमिळ्या सरळ करत होती.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, ते पेटतील. आयुष्यभर अशाच चालींवर पत्रकं काढलेला माणूस. ते चहा ढवळत राहिले.

"तुझी आजी गेली, त्या दिवाळीला मी दारात कंदील लावला होता. तत्त्व म्हणून. तुझी आत्या भेटायला आली आणि जिन्यातूनच परत गेली."

"मग? तत्त्व चुकीचं होतं?"

"तत्त्व बरोबर होतं. पण ती जिन्यात रडत होती, ते मी दारातून बघितलंसुद्धा नाही. कंदील बघत बसलो."

दुसऱ्या दिवशी खोली आवरायला गेलो तेव्हा मावशींनी मला सरळ विचारलं, "जानार का न्हाय तिच्या घरी?"

"जाऊन काय बोलू?"

"बोलायचा न्हायच. फराल घेऊन जा. ज्याच्या घरात कढई चढत न्हाय, त्याच्या घरी डबा भरलेला न्यायचा आन् तोंड रिकामा."

हीसुद्धा त्याच चालीची दुसरी बाजू होती, आणि ती मात्र मला मनापासून मान्य होती. दुःखाच्या घरचा फराळ शेजारपाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी पुरवायचा. मी चकल्या आणि शंकरपाळे भरले आणि दिवाळीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी गुरवांच्या घरी गेले. तोंड रिकामं ठेवायचं ठरवलं होतं, तरी वाटेत दोन मुद्दे तयार झालेच.

तिसरा मजला. सगळ्या दारांवर माळा लुकलुकत होत्या, एकच दार तसंच होतं. समोरासमोर दारं, मध्ये चार पावलांचा पॅसेज. आजींनी दार उघडलं. आत फ्रिजवर ईश्वरीचा कंदील ठेवला होता आणि खाली स्टूल ओढून ईश्वरी त्याच्याकडे बघत बसली होती.

"टीचर आली! आजी, आता लावायचा?"

आजींनी डबा घेतला, मला बसवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रोज विचारते. मी म्हणते, बघायचा, लावायचा नाही. तुम्ही रागावला असाल आमच्यावर."

दोन्ही मुद्दे घशात होते.

"लोक काय म्हणतील म्हणून नाही हो," आजी म्हणाल्या. "लोकांना कुठे वेळ आहे. ह्यांना जाऊन सव्वा महिना होतोय. संध्याकाळी दारात दिवा लागला की हे कामावरून येणार, असं इतकी वर्षं माझ्या डोळ्यांना वळण. तिथे कंदील लावला तर मी रात्रभर दाराकडे बघत बसेन. मला सोसणार नाही. मुलीला पण नाही म्हणवत नाही."

माझे मुद्दे तिथेच संपले. मी याला अंधश्रद्धा समजून आले होते.

तेवढ्यात समोरच्या जिग्नाबेन आल्या. हातात ताट, वर विणलेला रुमाल, आत घुघरा, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, आणि कुरकुरीत मठिया. "काकी, गरम है अभी, ईशू को पहले खिलाओ." आणि मला बघून, "टीचर, तुम्ही पण खायचं हां, लाजायचं नाय."

आजी ताट घेऊन आत गेल्या, फराळ डब्यात काढला आणि ताट धुऊन पुसून ओट्याशी थांबल्या. आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवत नाही; हाताला माहीत असतं. घरचं काहीतरी त्यावर जातं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. आजींचा हात साखरेच्या डब्यावर गेला.

"अरे काकी, खाली दे दो ना," जिग्नाबेन दारातून म्हणाल्या. "इस साल क्या फॉर्मॅलिटी."

आजींचा हात डब्यावरच राहिला. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं. मग ताट घेऊन त्या ईश्वरीजवळ आल्या आणि जमिनीवर बसल्या. त्यांचे गुडघे माझ्यासारखे नव्हते, वेळ लागला.

"ईशू, जिग्नाआंटीचं ताट आलंय ना, ते रिकामं नाही द्यायचं. आपल्या घरचं काय द्यायचं? कंदील देऊया?"

ईश्वरीने कंदील छातीशी धरला. मुलाच्या हातातली वस्तू गोडी लावून काढून घेणं मला सगळ्यात वाईट वाटतं. तिने नाही म्हटलं असतं तर मी तिच्या बाजूने उभी राहिले असते.

तिने जिग्नाबेनना विचारलं, "आप लगाओगे?"

जिग्नाबेननी आधी आजींकडे पाहिलं. आजींनी मान हलवली. "लगाएँगे ना! मेरे दरवाजे पे, सबसे आगे!"

"पण मी लावणार," ईश्वरी म्हणाली आणि कंदील ताटात ठेवला. ताट तिनेच नेलं. दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून, त्या चार पावलांवरून.

जिग्नाबेननी दारावरची लुकलुकती माळ काढून टाकली. बल्बची वायर ओढली, ईश्वरीला कडेवर उचललं. कंदील वायरवर चढला, तसा खालचा गोल एका बाजूने बाहेर आला.

"नीचे का ज़रा टेढ़ा है," जिग्नाबेन म्हणाल्या. "कैंची लाके थोड़ा काट दूँ? गोल हो जाएगा."

माझ्या पत्रकाची दुसरी ओळ माझ्या तोंडाशी आली होती. त्याआधी ईश्वरी म्हणाली, "नहीं काटने का. आजोबा नहीं है ना अब. मैंने काटा है."

आजी आपल्या उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. पदर तोंडाशी गेला. मग म्हणाल्या, "राहू दे गं जिग्ना. तसाच राहू दे."

बल्ब लागला. चौकोन पेटले, त्रिकोणांवरची अक्षरं उलटी उमटली. आणि गोल पुरता बसला नव्हता, तिथल्या फटीतून उजेडाचा एक तुकडा खाली पडला. पॅसेजच्या लाद्यांवरून तो पसरत समोरच्या दारापर्यंत आला आणि आजींच्या उंबऱ्याला टेकला. त्या दारात दिवा नव्हता, रांगोळी नव्हती. आजींनी दार लावलं नाही.

माझ्या पत्रकातली तिसरी ओळ मी तिथेच, उभ्या उभ्या, मनात खोडली. आता ती अशी आहे: मुलाने केलेली वस्तू मुलाला दिसेल अशा जागी लावावी, कुणाच्या दारात, ते आम्ही सांगणार नाही. खालची रेघ काढून टाकली.

ईश्वरी कडेवरून उतरली, पॅसेज ओलांडून आली आणि उंबऱ्याशी पडलेल्या त्या उजेडात तिने पाऊल ठेवलं. वाकून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं, आम्ही शिकवतो तसं. कुठे टोचतं का ते बघत.

"टीचर, हा कुठला आकार?"

मी पाहिलं. गोल नाही, चौकोन नाही, तीनदा टोचणाराही नाही. "मला नाव नाही माहीत, ईशू. तूच सांग."

तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग मागे आजींकडे बघून म्हणाली, "हा आमचा."